पेलेट शेगडी, पेलेटचा दर्जा आणि राख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानावळी, मंगल कार्यालयं, वसतिगृहं, फरसाणवाल्यांचे भटारखाने इथल्या पेलेट शेगड्यांची (पेलेट म्हणजे भुसा, शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या छोट्या कांड्या) जोडणी आणि देखभाल हे माझं रोजचं काम. फोन येतो तो बहुतेक वेळा "शेगडी बिघडली" असा. जाऊन पाहावं तर पंखा ठीक, वायरिंग ठीक, आणि पोत्यातल्या जळणात मूठभर माती. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. हे सगळं पंख्यावर चालणाऱ्या, जाळीखालून आणि वरच्या छिद्रांतून हवा घेणाऱ्या स्वयंपाकाच्या शेगड्यांबद्दल आहे.

१. पेलेट लाकडाच्या भुशाचंच असतं ना, मग त्याची एवढी राख का होते?

लाकडातला जळणारा भाग वायू होऊन निघून जातो. झाडाने मुळांवाटे ओढून घेतलेलं कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, सिलिका मात्र जळत नाही. ते मागे उरतं, ती राख. ही झाडाची स्वतःची राख झाली. खोडाच्या गाभ्यात ती थोडी असते, सालीत कितीतरी जास्त.

दुसरी राख बाहेरून येते. सॉ मिलच्या आवारात जमिनीवर पडलेला भुसा फावड्याने ओढून गोळा केला की त्याबरोबर माती येते. शेतातून चिपाडं, पऱ्हाटी ट्रॅक्टरने ओढून आणली की मुळांना चिकटलेली मातीही कारखान्यात जाते. पहिली राख टाळता येत नाही, दुसरी टाळता येते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये दुसरीचाच वाटा मोठा आहे.

२. किती टक्के राख असली तर पेलेट चांगलं म्हणायचं?

युरोपात घर गरम करणाऱ्या पेलेट स्टोव्हसाठी 'ईएनप्लस ए१' हा सगळ्यात वरचा दर्जा आहे. त्यात राख ०.७ टक्क्याच्या आत लागते. अमेरिकेत 'प्रीमियम' म्हणवून घ्यायला १ टक्क्याच्या आत. आपल्याकडे शुद्ध लाकडाच्या, साल काढलेल्या भुशाचं पेलेट मिळालं तर तेही १ टक्क्याच्या आसपास उतरतं. पण बाजारात जे येतं ते बहुधा मिश्रण असतं. सालीसकट लाकूड २ टक्क्यांच्या आसपास, शेंगांची टरफलं ३ ते ५, पऱ्हाटी त्याहून थोडी वर, आणि भाताचा तूस थेट १५ ते २० टक्के.

टक्क्यांनी नीट अंदाज येत नाही, म्हणून हिशोब किलोत करू. दिवसाला ६० किलो पेलेट जाळणारी खानावळ धरा. १ टक्का राख म्हणजे रात्री ६०० ग्रॅम, एका डब्यात मावेल. ५ टक्के म्हणजे ३ किलो, आणि राख हलकी असल्याने अर्धी बादली तरी भरते. १८ टक्के म्हणजे जवळजवळ ११ किलो. राखेचा ट्रे एवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. दुपारच्या जेवणाच्या ऐन गर्दीत तो भरतो आणि खालून येणारी हवा बंद होते.

माझं मत स्पष्ट आहे: स्वयंपाकाच्या शेगडीत ३ टक्क्यांच्या वर जाऊ नका. ५ पर्यंत निभावता येतं, पण मग साफसफाईला वेगळा माणूस लागतो आणि त्याचा पगार पेलेटच्या भावात धरावा लागतो.

३. विक्रेता फक्त "चार हजार जीसीव्ही" सांगतो. तेवढं पुरेसं आहे का?

नाही. जीसीव्ही म्हणजे किलोमागे किती किलोकॅलरी उष्णता. पण तो आकडा ओलावा पूर्ण काढून मोजलाय की माल आहे तशा स्थितीत, हे विचारलंच पाहिजे. कोरडं करून मोजलं की आकडा फुगतो, आणि तुम्ही तर पोतं ओलाव्यासकट विकत घेता. रिपोर्टमध्ये तीन ओळी बघा: ओलावा, राख, आणि आहे तशा स्थितीतली जीसीव्ही. रिपोर्ट कोणत्या मालाचा आहे तेही बघा. दोन वर्षांपूर्वीच्या नमुन्याची झेरॉक्स फिरवणारे भेटतात.

गॅसशी तुलना करायची तर १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरमध्ये साधारण दोन लाख आठ हजार किलोकॅलरी असतात. ४००० च्या पेलेटमध्ये तेवढी उष्णता ५२ किलोंत येते, ३४०० च्या पेलेटमध्ये ६१ किलो लागतात. शिवाय गॅसच्या मानाने पेलेट शेगडीतून उष्णता जास्त वाया जाते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे वर सरकतात. किलोमागे रुपयाभर स्वस्त पेलेट यात कधी महाग पडतं, ते तुमच्या भावाने मांडून बघा.

४. प्रयोगशाळेत न जाता पेलेट तपासता येतं का?

येतं, आणि प्रत्येक नवीन गाडीच्या वेळी तपासाच. मी दोन गोष्टी करतो.

पहिली पाण्याची. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात मूठभर पेलेट्स टाका. घट्ट दाबलेलं पेलेट लगेच तळाशी जातं, सैल असेल ते तरंगतं. अर्ध्या तासात सगळ्याचा फुगून लगदा होतो. आता तांदूळ रोळतो तसं हे रोळायचं: ढवळायचं, वरचा भुसा पाण्याबरोबर हलकेच ओतून द्यायचा, पुन्हा पाणी घालायचं. चार-पाच वेळा केलं की तळाला जे उरतं ते बोटांच्या चिमटीत धरून चोळा. चांगल्या मालात जवळजवळ काही उरत नाही. खराब मालात वाळू दाताखाली खडा यावा तशी करकरते, आणि ग्लासच्या बुडाला तांबूस गाळ बसतो. ही वाळू तुम्ही जळणाच्या भावाने विकत घेतलेली असते.

दुसरी जाळून बघायची. सराफी काटा किंवा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा लागतो. १०० ग्रॅम पेलेट्स स्टीलच्या जाड ताटलीत, मोकळ्या हवेत, गॅसच्या आचेवर पूर्ण जाळा. एकही काळा कण उरणार नाही तोपर्यंत थांबू नका, राख फिकट राखाडी झाली पाहिजे. वाऱ्याने उडू देऊ नका. गार झाल्यावर वजन करा: जितके ग्रॅम तितके टक्के. प्रयोगशाळेत हेच ५५० अंशांवर भट्टीत करतात. घरचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण १ आणि ६ यांतला फरक लपणार नाही.

रंग आणि चकाकी यांवर जाऊ नका. चकाकी लाकडातल्या लिग्निनमुळे येते. साच्यातल्या उष्णतेने ते मऊ होतं आणि पेलेट बांधून धरतं. चकचकीत पेलेटच्या पोटातही माती असू शकते.

५. जाळीवर दगडासारखा थर बसतो. तो काय असतो?

वीटभट्टीवर जास्त भाजलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या विटांना आपण खंगर म्हणतो. शेगडीतलाही तो खंगरच, राख वितळून पुन्हा गोठलेली.

वाळू, म्हणजे मुख्यतः सिलिका, एकटी असली तर वितळायला १७०० अंश लागतात. तेवढी उष्णता शेगडीत नसते. पण वाळूला पोटॅश, म्हणजे राखेतलं पोटॅशियम, भेटलं की दोघांचं मिश्रण ८०० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. काच करणारेही वाळूत सोडा घालतात तो याचसाठी. जाळीवरच्या निखाऱ्यांचं तापमान याच्या सहज वर जातं. राख चिकट होते, शेजारचे कण ओढून घेते, जाळीच्या भोकांत उतरते आणि शेगडी गार झाली की काचेसारखी कडक होते.

एका मंगल कार्यालयातून लग्नाच्या दिवशी सकाळी फोन आला होता. भाताचं आधण येईना. निखारे बाजूला काढले तर जाळीवर भाकरीएवढी चकती बसलेली, हिरवट राखाडी, वरून गुळगुळीत. उलटी केली तर खालच्या बाजूला जाळीची भोकं नक्षीसारखी उठलेली, एकूण एक भोक बुजलेलं. त्या आठवड्यात त्यांनी नवा माल घेतला होता. पोत्यातली पेलेट्स पाण्यात रोळली, तेव्हा ग्लासच्या तळाला बोटभर जाडीची रेती निघाली. लाकडाचं पोटॅश आणि आवारातली रेती, खंगराला एवढं पुरतं.

६. आच कमी झाली की आमचे आचारी पंखा वाढवतात. बरोबर आहे का?

कारण खंगर असेल तर हा सगळ्यात वाईट उपाय. जाळीची भोकं बुजलेली असतात, म्हणून खालची हवा वाढत नाही. जिथे भोकं उघडी आहेत तिथे मात्र जोराचा झोत लागतो, निखारा पांढराफटक तापतो आणि तिथली राखही वितळते. वरच्या छिद्रांतून गार हवा जास्त येते, ज्वाळा तुटते, धूर होतो. हलकी राख उडून कढईत पडते ती वेगळीच.

उलटं करा. खंगर करणारं पेलेट संपवायचंच असेल तर पंखा नेहमीपेक्षा कमी ठेवा, एका वेळी थोडं जळण टाका आणि निखाऱ्यांचा थर पातळ ठेवा. दर तासा-दीड तासाने लोखंडी सळईने थर हलवून चकती मऊ असतानाच मोडा. आच थोडी कमी मिळेल, पण दुपार निभावेल.

७. तुसाच्या पेलेटमध्ये एवढी राख, तरी खंगर कमी. असं कसं?

कारण राख किती आणि राख कसली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुसाची राख जवळजवळ निव्वळ सिलिका असते, पोटॅश फार थोडं. म्हणून ती सहसा वितळत नाही, जळालेल्या तुसाचा सांगाडा तसाच उभा राहतो. तिथे अडचण ढिगाची आहे. भाताच्या पेंढ्यात मात्र सिलिकाही आहे आणि पोटॅशही, म्हणून त्याचा खंगर लवकर होतो.

उसाचंही तसंच. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, कारखान्यात रस काढताना पाण्याने धुऊन निघालेलं असतं, त्याचं बरंचसं पोटॅश रसाबरोबर जातं. पाचटाला असं पाणी लागलेलं नसतं, त्यामुळे एकाच उसाच्या या दोन भागांची राख वेगळी वागते. पावसात भिजून पुन्हा वाळलेल्या काडाचाही खंगर कमी होतो. गुरांना असा चारा निकस, पण जळणाला बरा.

८. धूर आणि काजळी होते. दोष पेलेटचा की शेगडीचा?

आधी भांड्याचं बूड बघा. पांढरट, बोटाने पुसली जाणारी पूड असेल तर ती उडालेली राख: पंखा जास्त आहे किंवा पेलेट राखेचं आहे. काळी, चिकट काजळी असेल तर जळण अर्धवट जळतंय. त्याची कारणं क्रमाने तपासा: ट्रे भरला आहे का, जाळी बुजली आहे का (प्रश्न ५), पेलेट ओलं आहे का (प्रश्न ९), चुरा जास्त आहे का (प्रश्न १०), वरची छिद्रं राखेने बंद आहेत का. हे सगळं ठीक असेल तरच मला फोन करा.

९. पावसाळ्यात तीच पेलेट्स नीट जळत नाहीत. का?

पेलेट हवेतला ओलावा ओढतं. कोकणात, महाबळेश्वरच्या बाजूला किंवा राधानगरीकडे जून ते सप्टेंबर उघडं पोतं ठेवलं की ते आपोआप जड होतं. ५० किलोच्या पोत्यात ओलावा ८ ऐवजी १४ टक्के असेल तर ३ किलो पाणी तुम्ही जळणाच्या भावाने घेतलं. शिवाय प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात. एका पोत्यामागे साडेतीन किलो पेलेटची उष्णता गेली असं धरा.

पोती फरशीवर ठेवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर अंतरावर. आतली प्लास्टिकची पिशवी बांधलेली असू द्या. भिजून फुगलेलं पेलेट वाळवून पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, त्याचा भुसाच होतो. तो शेगडीत घालू नका.

१०. पोत्याच्या तळाचा चुरा टाकून द्यायचा का?

चाळून घ्या. चुरा जाळीवर पडला की पेलेट्समधल्या फटी बुजतात आणि हवा अडते. आधी धुमसतो, मग एकदम भडकतो. मातीचे कणही बहुतेक याच चुऱ्यात साठतात. गव्हाची चाळण पुरते. चाळलेला चुरा पाणी तापवायच्या साध्या चुलीत थोडा थोडा जाळता येतो.

११. जाळी किती वेळा साफ करायची?

१ टक्का राखेच्या मालाला दिवसातून एकदा, शेगडी पेटवण्याआधी. ५ टक्क्यांच्या मालाला प्रत्येक वेळच्या स्वयंपाकानंतर. भोकं सळईने आरपार मोकळी झाली पाहिजेत, वरवर खरवडून उपयोग नाही. जाळी उजेडाकडे धरून बघा. आठवड्यातून एकदा वरच्या हवेची छिद्रं आणि पंख्याची पाती ब्रशने झाडा.

तापलेल्या जाळीवर पाणी कधीच मारू नका, बिडाची जाळी तडकते. ओली राख जाळीवर तशीच ठेवू नका, राखेचं पाणी खारं असतं आणि लोखंड खातं.

१२. राखेच्या रंगावरून काही कळतं का?

बरंच कळतं. फिकट राखाडी, पिठासारखी राख म्हणजे जळण पूर्ण जळलं. काळे तुकडे म्हणजे कोळसा न जळताच जाळीतून खाली पडतोय. ते तुमचे पैसे ट्रेमध्ये जमा होतायत, जाळीची भोकं झिजून मोठी झालीत का बघा. तांबूस झाक बहुधा मातीची. चमकणारे, काचेसारखे खडे दिसले तर प्रश्न ५ आणि ६ लगेच वाचा.

१३. महाग आणि स्वस्त पेलेट निम्मं निम्मं मिसळलं तर?

राखेच्या प्रमाणाचा हिशोब सरळ आहे: १ टक्का आणि ७ टक्के निम्मे निम्मे केले की ४. खंगराचा हिशोब असा सरळ नाही. एकात वाळू, दुसऱ्यात पोटॅश असेल तर वेगवेगळी नीट जळणारी दोन पेलेट्स एकत्र आली की खंगर करतात. तुसाचं पेलेट लाकडाच्या पेलेटमध्ये मिसळून पैसे वाचवू पाहणाऱ्यांना हाच अनुभव येतो. मिसळायचंच तर आधी एक पोतं एक दिवस जाळून जाळी बघा.

१४. फर्निचरवाल्याकडचा भुसा फुकट मिळतो. त्याची पेलेट्स करून घ्यावीत का?

साध्या सागाचा, आंब्याचा, निलगिरीचा भुसा असेल तर जरूर. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेलं किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूड असेल तर अजिबात नको. त्यातला गोंद आणि रसायनं धुरात येतात, औषधांतले जड धातू राखेत उरतात. अन्न शिजतं तिथे हे जळता कामा नये. सुतारकामाच्या कारखान्यात दोन्ही भुसे एकाच कोपऱ्यात झाडले जातात, हे लक्षात ठेवा.

१५. पांढरा कोळसा, म्हणजे ब्रिकेट (भुशाचे दाबलेले मोठे ठोकळे), तोडून घातला तर?

नको. ब्रिकेट बॉयलरसाठी असतं. तोडलेले तुकडे वेड्यावाकड्या मापाचे होतात, हवा एका बाजूने निघून जाते, आणि तोडताना निघालेला चुरा प्रश्न १० मधला त्रास देतो.

१६. ही राख शेतात टाकली तर चालेल का?

शुद्ध लाकडाची असेल तर चालेल, पण जमीन बघून. राखेत कॅल्शियम आणि पोटॅश असतं, आणि ती चांगलीच अल्कधर्मी असते. कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी जांभ्या जमिनीला ती मानवते. देशावरची काळी जमीन मुळातच अल्कधर्मी, तिथे दरवर्षी पोत्यांनी राख ओतली तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त. तिथे शेणखताच्या खड्ड्यात थोडी थोडी मिसळा. युरियाबरोबर एकत्र टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. प्रश्न १४ मधल्या लाकडाची राख शेतात जाऊच देऊ नका.

भांडी घासायला म्हणाल, तर वस्त्रगाळ केलेली राखच घ्या. खंगराचा बारीक कण स्टीलवर चरे पाडतो.

१७. धूर नाही, नुसते लाल निखारे आहेत. रात्री खिडकी बंद केली तर चालेल ना?

नाही. हे उत्तर कृपया स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. ज्वाळा विझून नुसते निखारे राहिले की कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. थंडीच्या दिवसांत भटारखान्यातच झोपणारी पोरं निखाऱ्यांची ऊब घेतात. तसं कोणालाही करू देऊ नका. वीज गेली, पंखा थांबला, तरी हाच धोका. पंख्याला बॅटरी किंवा इन्व्हर्टर जोडून घ्या.

राखेतही निखारे तासन् तास जिवंत राहतात, राख त्यांच्यावर पांघरुणासारखी बसते. झाकणाच्या लोखंडी डब्यात, पोत्यांपासून लांब, बाहेर ठेवा आणि दोन दिवसांनीच पिशवीत भरा.

१८. पेलेटचा भाव आणि दर्जा दर हंगामाला का बदलतो?

कारण कच्चा माल शेतातून येतो. खळ्यावर सोयाबीन आलं की त्याचं भुसकट स्वस्त, शेंगांचा हंगाम आला की टरफलं. कारखानदार जे मिळेल ते मिश्रणात घालतो. शिवाय मागणी वाढते आहे: कोळशावरच्या वीज केंद्रांनी कोळशात बायोमास पेलेट मिसळावं असं धोरण केंद्राने २०२१ मध्ये आणलं.

जळणाचा भाव हीच या शेगडीची नाडी आहे. २००६ च्या सुमाराला बीपी कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर 'ऊर्जा' नावाची घरगुती पेलेट शेगडी आणली होती. महाराष्ट्रातही ती कितीतरी घरांत पोचली. पेलेटचा भाव चढत गेला तशी अनेक घरांनी ती बाजूला ठेवली.

एकाच पुरवठादाराकडून घेत असलात तरी प्रत्येक गाडीला प्रश्न ४ मधली पाण्याची चाचणी करा. बिलावर राखेची कमाल मर्यादा लिहून मागा. चांगले कारखानदार लिहून देतात.

१९. रिपोर्ट ठीक, रोळून पाहिलं तर वाळू नाही, राखही कमी. तरीही खंगर होतो. आता?

मग पोटॅशचा संशय घ्या. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे रोळण्यात सापडत नाही. कोवळ्या फांद्या, साल, पाचट यांत ते जास्त असतं. कच्चा माल नेमका कोणता, हे कारखानदाराला विचारा.

ते निर्दोष निघालं तर शेगडीकडे वळा. जाळी वाकली असेल तर एका जागी निखारे साचून तिथलं तापमान चढतं. राखेच्या दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी झिजली असेल तर तिथून जास्तीची हवा आत घुसते: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा, पट्टी सहज ओढून निघाली तर दोरी बदला. आणि पंख्याचा रेग्युलेटर कुणी पूर्ण फिरवून तसाच ठेवलाय का, ते आधी बघा. परवाच एका वसतिगृहात दोन तास शेगडी उघडून बसलो आणि कारण निघालं एवढंच.